सांडपाण्याचें शुद्धीकरण आणि नगरसंस्थांचें कर्तव्य

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर एके दिवशीं भूगोलाच्या तासाला आम्हीं वर्गांत एक साधा प्रश्न विचारला : "आज सकाळीं तुम्हीं ज्या पाण्यानें स्नान केलें, तें पाणी या घटकेला कोठें असेल ?" एकानें सांगितलें, मोरींत. मोरींतून पुढें ? गटारांत. गटारांतून पुढें ? नाल्यांत. नाल्यांतून नदींत, असें दोघांतिघांनीं उत्तर दिलें. आणि नदींतून पुढें कोठें, असें विचारतांच सारा वर्ग स्तब्ध झाला. शेवटीं मागच्या बाकावरून एक हळू आवाज आला, "पुढच्या गांवाच्या नळाला." त्यावर कांहीं मुलें हंसलीं. परंतु त्या दिवशींच्या सर्व उत्तरांत तेंच उत्तर अधिक विचाराचें होतें. प्रस्तुत लेख हा त्याच उत्तराचा विस्तार आहे. पालकांनींहि तो वाचावा अशी आमची इच्छा आहे. कारण या विषयांतील अर्धें काम शाळेचें आणि अर्धें करदात्या नागरिकांचें आहे.

पृथ्वीवरील पाणी नवें निर्माण होत नाहीं. जें आहे तेंच पुन्हां पुन्हां फिरत असतें. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, वाफेचे मेघ होतात, मेघांचा पाऊस होतो, आणि तो पाऊस नद्यांच्या वाटेनें पुन्हां समुद्रास मिळतो, हें तुम्ही खालच्या इयत्तांत शिकलांच आहां. या प्रदक्षिणेंत सूर्याची उष्णता पाणी उचलते आणि मळ खालींच ठेवते. माती पाणी गाळते. नदींतील हवा आणि सूक्ष्म जीव मिळून घाण पचवितात. निसर्गाचें हें काम अखंड चाललेलें आहे, परंतु तें सावकाशीचें काम आहे. कांठावर दोनशें घरांचें खेडें असतां नदी त्या खेड्याचा मळ पुढच्या वळणापर्यंत पचवीत असे. आज त्याच कांठावर लाखों लोकांचें शहर उभें आहे, आणि वळण मात्र पूर्वींच्याच अंतरावर आहे. त्या वळणावर दुसरें शहर आपले पंप लावून बसलें आहे. म्हणून वापरलेलें पाणी पुन्हां वापरावें कीं नाहीं, हा प्रश्नच उरलेला नाहीं. आपण तें वापरीतच आहों. प्रश्न एवढाच आहे, कीं तें कोणाच्या देखरेखीखालीं वापरावें, आणि देखरेख करणारानें आपला हिशेब कोणास द्यावा.

प्रथम सांडपाणी म्हणजे काय तें पाहूं. त्याचें नांव काढतांच आपण नाक मुरडतों. पण हजार भाग घरगुती सांडपाणी घेतलें तर त्यांत सुमारें नऊशें नव्याण्णव भाग निव्वळ पाणीच असतें. उरलेल्या एका भागांत सारा उपद्रव सांठविलेला असतो. त्या एका भागाचे तीन वर्ग करतां येतील. पहिला वर्ग मलमूत्र, अन्नाचे कण, साबण, तेल इत्यादि कुजणाऱ्या पदार्थांचा. दुसरा वर्ग पटकी, विषमज्वर, अतिसार, कावीळ यांसारख्या रोगांचे जंतु आणि विषाणु यांचा. तिसरा वर्ग क्षार, औषधांचे अंश, आणि कारखान्यांचें पाणी गटारांत मिसळत असल्यास त्यांतून येणारे जड धातु व रसायनें यांचा. पाणीपुरवठ्याचे अभियंते असें धरून चालतात कीं शहरास दिलेल्या पाण्यापैकीं शेंकडा ८० भाग सांडपाणी होऊन गटारांत परत येतो. म्हणजे ज्या शहरांत उन्हाळ्यांत एक दिवसाआड पाणी येतें, त्या शहराच्या गटारांतूनहि एक लहानशी नदी वाहत असते. तो एक भाग दूर करतां आला तर ती नदी आपली आहे. न करतां आला तर ती आपला नाश करते.

नाश करते असें आम्ही म्हणतों, तें अलंकारिक नव्हे. इ. स. १८५४ च्या ऑगस्टच्या अखेरीस लंडन शहराच्या सोहो भागांत पटकीचा भयंकर उद्भव झाला आणि थोड्याच आठवड्यांत सहाशेंहून अधिक माणसें मरण पावलीं. त्या काळीं हा रोग दुर्गंधीच्या हवेनें होतो असा विद्वानांचाहि समज होता. जॉन स्नो नांवाच्या डॉक्टरानें मृतांच्या घरांची चौकशी केली, तेव्हां बहुतेक घरें ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाचें पाणी पिणारीं आहेत असें त्यास आढळलें. त्यानें त्या भागाच्या स्थानिक मंडळापुढें जाऊन आपलें म्हणणें मांडलें. मंडळाची पुरती खात्री पटली नव्हती. तरीहि ८ सप्टेंबर रोजीं त्यांनीं त्या पंपाचा दांडा काढविला. साथ त्यापूर्वींच ओसरूं लागली होती, हें स्नो यानें स्वतः मोकळेपणानें कबूल केलें आहे. पुढें शोध करतां असें दिसलें कीं विहिरीला लागून असलेल्या एका घराच्या मैलकुंडांतून घाण विहिरींत झिरपत होती.

या गोष्टींतून दोन बोध घेण्यासारखे आहेत. ज्ञान डॉक्टरापाशीं होतें, पण दांडा काढण्याचा अधिकार स्थानिक मंडळापाशीं होता. दोघांची गांठ पडली तेव्हांच कृति झाली. दुसरा बोध असा, कीं साथ सरल्यावर तोच दांडा पुन्हां बसविण्यांत आला. भय गेलें कीं दक्षताहि जाते, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून दक्षतेला नियमाचें आणि नोंदवहीचें बंधन घालावें लागतें.

आतां शुद्धीकरणाची रीति पाहूं. केंद्रांत आलेलें सांडपाणी प्रथम लोखंडी गजांच्या जाळींतून जातें; तेथें चिंध्या, काटक्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकतात. नंतर रेती व खडे तळाशीं बसतात. मग मोठ्या हौदांत पाणी जवळजवळ स्थिर ठेवतात, म्हणजे जड गाळ खालीं बसतो. येथपर्यंतचें काम कोणाहि शहाण्या गृहिणीला सुचण्यासारखें आहे. पण पाण्यांत विरघळलेली घाण अशा रीतीनें निघत नाहीं. ती काढण्याची युक्ति मँचेस्टर नगरपालिकेच्या सेवेंत असलेल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनीं शोधून काढली. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हीं त्यांचीं नांवें. त्यांनीं सांडपाण्यांतून सतत हवा खेळविली. पहिल्या वेळीं पाणी पुरतें शुद्ध होण्यास सुमारें पांच आठवडे लागले. पूर्वीं असा प्रयोग करणारे लोक तळाचा गाळ फेकून देत; यांनीं तो राखून ठेवला आणि त्यावर नवें सांडपाणी घालून पुन्हां हवा दिली. असें वारंवार करतां करतां तेंच काम एका दिवसाच्या आंत होऊं लागलें. इ. स. १९१४ च्या एप्रिल महिन्यांत त्यांनीं हा शोध जाहीर केला, आणि आज जगांतील असंख्य शहरांत हीच पद्धति चालते.

यांतील मर्म आपल्या घरांतील विरजणाचेंच आहे. काल लागलेल्या दह्याचा चमचाभर अंश आजच्या दुधांत घातला कीं दहीं लवकर लागतें. कारण त्या चमच्यांत काम करणारे जीव तयारच असतात. त्याचप्रमाणें राखलेल्या गाळांत घाण खाणारे अब्जावधि सूक्ष्म जीव असतात. त्यांस प्राणवायु मिळाला कीं ते घाण खातात, वाढतात, आणि शेवटीं जड होऊन तळाशीं बसतात. वरचें पाणी निवळ होतें. याच्याहि पुढें जावयाचें असेल तर पाणी वाळूंतून गाळतात, कोळशाच्या थरांतून काढतात, अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून दाबानें नेतात, आणि क्लोरीन, ओझोन किंवा अतिनील किरण यांनीं जंतूंचा नाश करतात. जितक्या पायऱ्या अधिक, तितकें पाणी शुद्ध आणि तितका खर्चहि मोठा. म्हणून पाणी कशाकरितां हवें आहे तें आधीं ठरवून मग त्या पायरीपर्यंत जावें, हें शहाणपणाचें.

पाणी शुद्ध झालें हें ओळखावें कसें ? डोळ्यांनीं तें ओळखत नाहीं. कांचेसारखें स्वच्छ पाणी प्राणघातक असूं शकतें. यासाठीं शास्त्रानें ज्या परीक्षा ठरविल्या आहेत त्यांपैकीं दोन तुम्हीं लक्षांत ठेवाव्या. पहिली प्राणवायूच्या मागणीची. पाण्याचा नमुना बाटलींत बंद करून ठराविक उष्णतेंत ठेवतात. आपल्या देशांत २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवण्याची रीति आहे. तेवढ्या अवधींत आंतील जंतूंनीं घाण खातांना किती प्राणवायु संपविला तें मोजतात. घाण जितकी जास्त, तितकी ही मागणी जास्त. घरगुती सांडपाण्याच्या दर लिटरमागें ती साधारणतः २०० ते ३०० मिलिग्रॅम असते; नदींत सोडण्यापूर्वीं ती ३० मिलिग्रॅमच्या आंत आणावी, असा नियम आपल्याकडे पुष्कळ वर्षें चालत आला, आणि अलीकडे मोठ्या शहरांकरितां तो अधिक कडक करण्यांत आला आहे. दुसरी परीक्षा आंतड्यांतील जंतूंची. मनुष्याच्या व जनावरांच्या आंतड्यांत राहणारे कांहीं जंतु पाण्यांत सांपडले, तर त्या पाण्याला विष्ठेचा संसर्ग झाला आहे असें निश्चित समजावें. रोगाचा प्रत्येक जंतु निराळा शोधीत बसणें कठीण; हे जंतु हेराप्रमाणें इतरांची बातमी देतात.

रीति कळली, परीक्षाहि कळली. तरी या दोहोंच्या जोरावर एखादें शहर आपलेंच सांडपाणी शुद्ध करून पिऊं धजेल काय ? एक शहर असें धजलें आहे, आणि त्यानें काय काय दक्षता घेतली तें पाहण्यासाठीं आपणांस आफ्रिकेच्या नैर्ऋत्य भागांत जावें लागेल.

नामिबिया देशाची राजधानी विंडहुक ही समुद्रसपाटीपासून सुमारें १,६५० मीटर उंचीच्या पठारावर वसली आहे. तेथें वर्षाकाठीं सरासरी ३६० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या मुंबईस आषाढांतील एका जोराच्या आठवड्यांत कधीं कधीं तेवढा पडून जातो. आणि जो पडतो त्याच्या कितीतरी पट पाणी तेथील ऊन वाफ करून नेऊं शकतें. बारमाही नद्या देशाच्या सीमेवरच काय त्या आहेत. ओकावांगो नदी शहरापासून सुमारें ७०० किलोमीटर दूर. शहरानें विहिरी खोदल्या, धरणें बांधलीं, तरी वाढत्या वस्तीला पाणी पुरेना. शहरालगतचें गोरेआंगाब धरण तर वस्तीच्या उतारावर असल्यामुळें त्याचें पाणी बिघडत चाललें. शेवटीं इ. स. १९६८ मध्यें नगरपालिकेनें सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या नळांत मिसळणारें केंद्र सुरू केलें. असें करणारें तें जगांतील पहिलें शहर. प्रारंभीं त्या केंद्राची शक्ति दिवसाला सुमारें ४८ लाख लिटर होती, इ. स. २००२ मध्यें नवें केंद्र उभें राहिलें, त्याची शक्ति २ कोटि १० लाख लिटर आहे. इ. स. २०२३ च्या शिरगणतींत या शहराची वस्ती पांच लाखांच्या जवळ भरली. त्या वस्तीच्या तहानेचा मोठा भाग या केंद्रावर अवलंबून आहे.

यंत्रांचें वर्णन आम्ही थोडक्यांत आटोपतों, कारण महत्त्वाची गोष्ट त्यांच्या भोंवतीं घातलेल्या कुंपणाची आहे. पहिलें कुंपण गटारांतच आहे. कारखान्यांचें सांडपाणी निराळ्या नळांनीं निराळ्या केंद्रास नेलें जातें; घरगुती सांडपाणीच काय तें या कामीं घेतात. जें विष आंत आलेंच नाहीं तें काढण्याची पाळीहि येत नाहीं. दुसरें कुंपण पायऱ्यांचें. गाळ बसविणें, ओझोन, वाळूची गाळणी, कोळशाचे थर, सूक्ष्म पडदे आणि क्लोरीन अशा अनेक अडथळ्यांतून पाणी जातें. हेतु हा कीं एखादा अडथळा फसला तरी पुढच्यानें उपद्रव अडवावा. तिसरें कुंपण मोजमापाचें. मापक यंत्रें पाण्याची प्रत सतत टिपीत असतात, आणि ती ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली तर पाणी शहरांत न सोडतां केंद्रांतच परत फिरविलें जातें. चौथें कुंपण मिश्रणाचें. हें पाणी एकटें कोणाच्याच नळाला जात नाहीं. धरणांच्या व विहिरींच्या पाण्यांत तें मिसळतात, आणि त्याचें प्रमाण शेंकडा ३५ च्या पलीकडे जाऊं देत नाहींत.

पांचवें कुंपण आमच्या विषयाचें हृदय आहे. नवें केंद्र चालविण्याचें काम नगरपालिकेनें करार करून एका कंपनीकडे दिलें. पण केंद्राची मालकी आणि पाण्याची जबाबदारी स्वतःकडे ठेवली. कंपनी आपली तपासणी करते, आणि तिच्यावर न विसंबतां शहराकडूनहि तपासणी होते. ज्यानें पाणी शुद्ध करावयाचें त्यानेंच तें शुद्ध झाल्याचा दाखला द्यावयाचा, आणि दुसऱ्या कोणीं पाहावयाचेंच नाहीं, ही पद्धति तेथें चालली नाहीं. परीक्षेंत आपली उत्तरपत्रिका आपणच तपासावी असें तुमच्यापैकीं कित्येकांस वाटत असेल. पण त्या गुणांवर कोणाचा विश्वास बसेल? सहावें कुंपण माणसांच्या प्रकृतीचें. इ. स. १९७४ ते १९८३ या दहा वर्षांत तेथील अतिसाराच्या रोग्यांची पाहणी करण्यांत आली. हें पाणी पिणारे आणि न पिणारे यांची तुलना करतां, रोगाचा संबंध या पाण्याशीं जुळला नाहीं. तो लोकांच्या सांपत्तिक व सामाजिक स्थितीशीं जुळला. तो देश त्या वेळीं दक्षिण आफ्रिकेच्या सत्तेखालीं व वर्णभेदाच्या जाचाखालीं होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे या निष्कर्षाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. नळाचें पाणी कितीहि शुद्ध असलें, तरी दाट वस्ती, दारिद्र्य आणि अस्वच्छता कायम असतां रोग हटत नाहीं.

विंडहुकला जें साधलें तें सर्वांनाच साधतें असें नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतांत टूवूंबा नांवाचें शहर आहे. तेथें मोठें अवर्षण पडलें आणि धरणें आटत चाललीं, तेव्हां नगरपालिकेनें शुद्ध केलेलें सांडपाणी धरणांत मिसळण्याची योजना आंखली. इ. स. २००६ च्या जुलै महिन्यांत तिच्यावर नागरिकांचें मत घेण्यांत आलें. शेंकडा सुमारें ६२ मतें विरुद्ध पडलीं आणि योजना बारगळली. पुढें दूरच्या एका धरणापासून नळ टाकून शहरास पाणी आणावें लागलें. या लोकांस अडाणी म्हणून हंसण्याचें कारण नाहीं. त्यांच्या मनांत किळस होती हें खरें. पण किळसेच्या पोटीं एक योग्य प्रश्नहि होता : एखादे रात्रीं यंत्र बिघडलें तर आम्हांस कळवील कोण? या प्रश्नाचें उत्तर शांतपणें, वेळेवर आणि पुराव्यानिशीं द्यावें लागतें. यंत्र पैसे मोजून आणतां येतें. भरवसा मात्र वर्षानुवर्षांच्या खऱ्या नोंदींतूनच जमतो.

आतां घराकडे वळूं. आपल्या राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती इ. स. १९९२ मध्यें झाली आणि १ जून १९९३ पासून अंमलांत आली. तिनें घटनेस जोडलेल्या बाराव्या अनुसूचींत नगरसंस्थांकडे सोंपवावयाच्या विषयांची यादी आहे. घरगुती, औद्योगिक व व्यापारी उपयोगासाठीं पाणीपुरवठा हा एक विषय, आणि सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा त्याच्याच शेजारचा दुसरा. एका हातानें पाणी द्यावयाचें आणि दुसऱ्या हातानें तें झेलून शुद्ध करावयाचें, अशीं हीं एकाच संस्थेचीं दोन कामें आहेत. तिच्यावर नजर ठेवण्यासाठीं इ. स. १९७४ च्या जलप्रदूषण-नियंत्रण कायद्यान्वयें राज्याराज्यांत मंडळें स्थापन झालीं. आपल्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ हें काम पाहतें.

कायदा चांगला, कृति कशी? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें इ. स. २०२१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें आपल्या देशांतील शहरांत दररोज सुमारें ७,२३६ कोटि लिटर सांडपाणी निर्माण होत होतें. तें शुद्ध करण्यासाठीं उभारलेल्या केंद्रांची एकूण शक्ति ३,१८४ कोटि लिटर होती. आणि प्रत्यक्षांत शुद्ध होत होतें तें २,०२३ कोटि लिटर, म्हणजे शेंकडा २८. या तीन आंकड्यांकडे नीट पाहा. पहिल्या व दुसऱ्यांतील अंतर पैशाच्या अभावाचें म्हणतां येईल. पण दुसऱ्या व तिसऱ्यांतील अंतर कशाचें ? यंत्रें बांधलेलीं आहेत, त्यांवर करदात्यांचा पैसा खर्च झाला आहे, आणि तरी तीं पुरतीं चालत नाहींत. कोठें घरांचीं गटारें केंद्रापर्यंत पोंचलेलींच नसतात, कोठें विजेचें बिल थकतें, कोठें जाणता कामगार मिळत नाहीं. हें अंतर मुख्यतः देखरेखीच्या अभावाचें आहे. कोनशिलेच्या समारंभाला गर्दी होते. दहा वर्षांनंतर पंप फिरतो कीं नाहीं तें पाहण्यास कोणी जात नाहीं.

तथापि निराश होण्याचें कारण नाहीं. आपल्याच नागपूर शहराचें उदाहरण आहे. तेथील महानगरपालिका आणि राज्याची वीजनिर्मिति कंपनी यांच्यांत इ. स. २००८ मध्यें करार झाला, आणि भांडेवाडी येथील केंद्रांत शुद्ध केलेलें सांडपाणी कोराडीच्या औष्णिक विद्युत्केंद्रास देण्याची योजना उभी राहिली. दिवसाला सुमारें १३ कोटि लिटर इतकें तिचें प्रमाण धरलें होतें. विद्युत्केंद्रांतील यंत्रें थंड करण्यास पाणी फार लागतें. पण तें पिण्याच्या प्रतीचें असण्याची मुळींच गरज नसते. जें काम शुद्ध केलेल्या सांडपाण्यानें भागतें त्याकरितां धरणांतील गोडें पाणी कां खर्चावें ? तें धरणांत राहिलें म्हणजे माणसांच्या तोंडीं लागतें. शिवाय जें पाणी पूर्वीं नुसतें नाल्यांत सोडावयाचें त्याची किंमत नगरपालिकेस मिळूं लागते, आणि ज्या मालाला गिऱ्हाईक आहे त्याची प्रत राखण्याकडे लक्षहि अधिक राहतें. पुढें इ. स. २०१६ मध्यें केंद्र सरकारनें आपल्या वीजदर-धोरणांत असें ठरविलें कीं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आंत असलेल्या औष्णिक विद्युत्केंद्रांनीं असें पाणी वापरलेंच पाहिजे. नागपूरनें ही वाट आधींच धरली होती, याचा आपणांस अभिमान वाटावा.

विंडहुकला पिण्याशिवाय गत्यंतर नव्हतें. नागपूरला यंत्रें थंड करून भागलें. प्रत्येक गांवानें आपल्या गरजेप्रमाणें पायरी निवडावी. बागा, रस्ते धुणें, इमारतींचें बांधकाम, कारखाने, आग विझविणें या कामांना पिण्याचें पाणी लागत नाहीं. मात्र अशा पाण्याचे नळ निराळ्या रंगाचे असावेत, तोट्यांवर 'पिण्याचें पाणी नव्हे' अशी स्पष्ट पाटी असावी, आणि ते पिण्याच्या नळांस चुकूनहि जोडले जाऊं नयेत यासाठीं वेळोवेळीं तपासणी व्हावी. कच्च्या खाण्याच्या भाज्यांना अशुद्ध सांडपाणी घालणाऱ्या मळ्यांवरहि नजर हवी. तेथें रोग सरळ ताटांत येतो.

आतां पालकांस दोन शब्द. महाराष्ट्रांतील महानगरपालिकांनीं दरवर्षीं शहराच्या पर्यावरणाच्या सद्यःस्थितीचा अहवाल सादर करावा, असा कायदा आहे. तो अहवाल मिळवून वाचावा. त्यांत तीन गोष्टी शोधाव्या : शहरांत रोज किती सांडपाणी होतें, त्यांतील किती शुद्ध होतें, आणि शुद्ध झालेल्या पाण्याची परीक्षा कोणीं, केव्हां केली. उत्तर न मिळाल्यास इ. स. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें तें मागण्याचा प्रत्येक नागरिकास हक्क आहे. मतें मागावयास उमेदवार दारीं येतात, तेव्हां रस्त्यांबद्दल व दिव्यांबद्दल आपण विचारतों. गटार कोठें जातें, हेंहि त्यांस विचारावें. जमिनीखालच्या कामाची वाहवा होत नाहीं, म्हणूनच त्याची चौकशी करणारा नागरिक लागतो.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याकडेहि पहारा आहे. मोरींत तेल, रंग, जुनीं औषधें, प्लॅस्टिक टाकूं नका. गटारांत गेलेली प्रत्येक वस्तु पुढें कोणास तरी काढावी लागते, आणि आपल्या देशांत तें काम करतांना गटारांत उतरलेलीं माणसें विषारी वायूनें गुदमरून मेलीं आहेत. तुमच्या निष्काळजीपणाची किंमत त्यांनीं देऊं नये. पुढच्या सुटींत आपल्या गांवचा नाला मुखापासून नदीपर्यंत वडील माणसांबरोबर चालून पाहा, त्याचा नकाशा काढा, आणि कोठें काय मिसळतें त्याची नोंद करा. शुद्धीकरण केंद्र जवळ असेल तर परवानगी घेऊन तें पाहा. तेथील कामगारास त्याची नोंदवही दाखविण्याची विनंती करा. जो कामगार रोजची नोंद चोख ठेवतो, तो शहराचा आरोग्यरक्षकच होय.

मागच्या बाकावरील त्या मुलाचें उत्तर आम्हीं दुसऱ्या दिवशीं फळ्यावर लिहिलें, आणि त्याखालीं दुसरा प्रश्न लिहिला : "आणि आपल्या नळाला येणारें पाणी कोणत्या गांवाहून येतें ?" त्याचें उत्तर शोधण्यास मुलांनीं जिल्ह्याचा नकाशा काढला, नदीवर बोट ठेवलें, आणि प्रवाहाच्या उलट दिशेनें तें सरकवीत नेलें. वाटेंत लागलेलीं गांवें त्यांनीं मोजलीं. तीं सात भरलीं. त्या दिवशीं वर्गांत कोणीहि हंसलें नाहीं.